शोभेची दारू आणि कायदा

आश्विन शुद्ध दशमीच्या रात्री हिंगोलीच्या रामलीला मैदानावर रावणाच्या पुतळ्याचे दहन होते, आणि त्याबरोबर आतषबाजीही होते. ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेली असून खाकीबाबांच्या मठाशी तिचा संबंध सांगतात. ज्या काळी हा उत्सव सुरू झाला, त्या काळी हिंगोलीस निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. ती फौज गेली, निजामाचे राज्य गेले, परभणी जिल्ह्याचा एक तालुका असलेले हे गाव १९९९ च्या मे महिन्यात स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. परंतु दसऱ्याची दारू उडतच राहिली. मात्र ती उडविण्यामागची कायदेशीर स्थिती ह्या दीडशे वर्षांत इतक्या वेळा बदलली की, तिचा इतिहास पाहिल्यास राज्यकर्त्यांना प्रत्येक काळी कशाचे भय वाटत होते, हे आपोआप समजून येते.

शोभेची दारू आणि लढाईची दारू ह्या दोन भिन्न वस्तू नव्हेत. सोरा, गंधक आणि कोळसा ह्या तीन पदार्थांचे मिश्रण बंदुकीच्या नळीत कोंडले म्हणजे गोळी सुटते, कागदाच्या नळीत भरले म्हणजे बाण आकाशात जातो, आणि मातीच्या कोठीत दाबून बसविले म्हणजे भुईनळ्याचे झाड फुलते. शंभर भागांत सुमारे पंच्याहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा व दहा भाग गंधक हे बंदुकीच्या दारूचे रूढ प्रमाण होय. हे प्रमाण थोडे बदलून व त्यात लोखंडाचा कीस मिसळून आतषबाज कारागीर ठिणग्यांची फुले काढीत. तात्पर्य, ज्याला उत्सवाची दारू करता येते त्याला अनर्थाची दारूही करता येते. आणि हीच गोष्ट पुढे कायद्याच्या मुळाशी गेली.

दक्षिणेत ही कला बरीच जुनी आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे ह्यांनी १४०० ते १९०० ह्या पाच शतकांतील भारतीय दारूकामाचा इतिहास साधार लिहून ठेवला आहे. विजयनगरास १४४३ मध्ये आलेला इराणी वकील अब्दुर रझाक तेथील महानवमीच्या उत्सवातील दारूकामाचा उल्लेख करतो. ओरिसाचा राजा प्रतापरुद्रदेव ह्याच्या नावे असलेल्या ‘कौतुकचिंतामणि’ ह्या संस्कृत ग्रंथात दारूकामाची कृती दिलेली आहे. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले, त्यात विवाहप्रसंगीच्या दारूकामाचे वर्णन येते. ह्याचा अर्थ असा की, गोदावरीकाठच्या श्रोत्याला ह्या वस्तू तेव्हाच परिचयाच्या झाल्या होत्या. एरवी द्वारकेच्या लग्नात त्या घालण्याचे कवीला प्रयोजन नव्हते.

पेशवाईतील एक उल्लेख तर दसऱ्याच्या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. कोटा संस्थानात दिवाळीस दारूची लंका उभारतात, तीत दारूचेच राक्षस व दारूचाच हनुमान असतो आणि हनुमानाने लंका पेटविली म्हणजे ती सर्व एका क्षणी धडाडून जळते, असे वर्णन महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांस ऐकविले, अशी हकीकत पेशव्यांच्या बखरीत आहे. ते ऐकून पेशव्यांनी तशीच लंका पर्वतीच्या पायथ्याशी करविली व ती पाहण्यास पुण्याचे लोक लोटले. रावणाची कथा आणि दारूकाम ह्यांची सांगड महाराष्ट्रात अठराव्या शतकातच पडलेली होती, हे ह्यावरून दिसते.

मग ह्या खेळाला मनाई करण्याची कल्पना कधी आली? मोगल बादशहा औरंगजेबाने १६६७ मध्ये आतषबाजीस बंदी करणारा हुकूम काढल्याची नोंद आहे. ह्या बंदीमागे अपघाताचा विचार नसून चैनीविषयीची अप्रीती होती असे मानण्यास जागा आहे. इंग्लंडात मात्र कारण वेगळे होते. तेथे १६९७ च्या सुमारास पार्लमेंटाने रस्त्यांत फटाके व बाण फेकण्यास, तसेच ते करण्यास व विकण्यास मनाई केली. कारण त्यामुळे वाटसरूंचे डोळे जात व घरे पेटत. एका बाजूस राजाची मर्जी आणि दुसऱ्या बाजूस शेजाऱ्याचा जीव, अशी बंदीची दोन निराळी मुळे तेव्हापासूनच दिसतात.

हिंदुस्थानात इंग्रजी अमलाखाली पहिला सर्वसाधारण नियम आला तो १८६० च्या दंडसंहितेतून. तिच्या २८६ व्या कलमाने स्फोटक पदार्थ बेफिकिरीने हाताळून दुसऱ्याच्या जीवास धोका पोचविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड ठरविला. हे कलम नाव व क्रमांक बदलून आजही जिवंत आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते २८८ वे झाले असून दंडाची मर्यादा पाच हजारांवर गेली आहे. पण ह्या कलमाची एक मर्यादा होती. ते अपराध घडल्यावर जागे होई. दारूचा साठा कोणी, कोठे, किती करावा ह्याविषयी ते काहीच बोलत नसे.

ती उणीव १८८४ च्या इंडियन एक्स्प्लोझिव्ह्ज ॲक्टाने भरून काढली. इंग्लंडातील १८७५ चा कायदा त्याचा नमुना होता. स्फोटक पदार्थ तयार करणे, बाळगणे, वापरणे, विकणे, त्यांची ने-आण करणे व ते परदेशातून आणणे ह्या सहा गोष्टींवर ह्या कायद्याने परवान्याचे नियंत्रण आणले, आणि ‘स्फोटक’ ह्या शब्दाच्या व्याख्येतच सुरुंगाच्या दारूबरोबर शोभेच्या दारूचाही समावेश केला. कायदा प्रत्यक्ष अमलात आला १ जुलै १८८७ रोजी. अतिधोक्याचे मिश्रण सरकारने साफ बंद करावे, अधिकाऱ्याने गोदामात शिरून झडती घ्यावी, अपघात झाल्यास त्याची खबर ताबडतोब द्यावी व त्याची चौकशी व्हावी, हे त्यातील मुख्य तत्त्व. पुढे १८९८ मध्ये स्फोटक द्रव्यांचे स्वतंत्र सरकारी खाते स्थापन झाले. त्याचाच वारसा चालविणाऱ्या संघटनेचे मुख्य कार्यालय आज नागपुरात आहे.

हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. हिंगोली, कळमनुरी, वसमत हा मुलूख निजामाचा. आणि पैनगंगेच्या पलीकडे उमरखेडचा वऱ्हाडी मुलूख इंग्रजी कारभाराखालचा. नदी एक, बोली जवळजवळ एक, दसरा-दिवाळी एक, शबे-बरातीची आतषबाजी एक. पण एका काठावर लागू असलेला मध्यवर्ती कायदा दुसऱ्या काठावर आपल्या बळावर लागू होत नसे. निजामाची दंडसंहिता व निजामाचे हुकूम स्वतंत्र होते. सीमेवरच्या बाजारहाटाच्या दृष्टीने ही विसंगती साठ वर्षांहून अधिक काळ टिकली.

दरम्यान कायद्याच्या हेतूतच पालट झाला. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफरपूर येथे बॉम्ब पडला आणि अवघ्या सहा आठवड्यांत, ८ जून रोजी, सरकारने एक्स्प्लोझिव्ह सब्स्टन्सेस ॲक्ट मंजूर केला. १८८४ च्या कायद्याला अपघाताची चिंता होती. १९०८ च्या कायद्याला बंडाची. संशयास्पद स्थितीत स्फोटक द्रव्य सापडल्यास आपला हेतू निर्दोष होता हे दाखविण्याचा भार आता आरोपीवर पडला, आणि स्फोटक द्रव्य करण्याची सामग्रीसुद्धा स्फोटक द्रव्य समजली जाऊ लागली. दुसऱ्याच दिवशी, ९ जून रोजी, ‘केसरी’त ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा अग्रलेख प्रसिद्ध झाला. बॉम्ब ही मोठ्या कारखान्याची वस्तू नसून एक प्रकारचे ज्ञान आहे, आणि ज्ञानाला परवान्याच्या कुलपात ठेवता येत नाही, असा त्यातील युक्तिवादाचा रोख होता. १२ मे रोजीचा लेख आणि हा लेख ह्या दोहोंबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला व २२ जुलै १९०८ रोजी त्यांस सहा वर्षांची शिक्षा झाली. स्फोटक द्रव्यांच्या कायद्याचा इतिहास महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात असा मिसळलेला आहे.

त्या युक्तिवादाचे प्रत्यंतर निजामाच्या राज्यात पुढे चाळीस वर्षांनी आले. ४ डिसेंबर १९४७ रोजी हैदराबादेत नारायणराव पवार ह्यांनी निजामाच्या मोटारीवर बॉम्ब फेकला. उमरखेड येथे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा सरहद्दीवरील तळ होता. तेथील कार्यकर्ते पैनगंगा ओलांडून मराठवाड्यात हालचाली करीत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले. त्यानंतर १९५१ च्या भाग ‘ब’ राज्यांविषयीच्या अधिनियमाने केंद्राचे अनेक कायदे हैदराबाद राज्यास लागू झाले, त्यांत १८८४ चा कायदाही आला. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर फटाक्याचा कायदा एक झाला, तो असा स्वराज्यात.

ह्याच सुमारास फटाक्याच्या धंद्याचे स्वरूपही बदलले. पूर्वी गावचा आतषबाज लग्नसराईत व उत्सवात फर्माशीप्रमाणे दारूकाम करून देई. १९४० मध्ये स्फोटक द्रव्यांचे नवे नियम झाले, परवान्याची पद्धत घट्ट झाली आणि तामिळ मुलखातील शिवकाशी हे कोरड्या हवेचे गाव ह्या धंद्याचे केंद्र बनले. तेथील षण्मुग नाडार व अय्या नाडार हे १९२३ मध्ये कलकत्त्यास जाऊन आगकाड्यांचे काम शिकून आले होते. त्याच हातांनी पुढे फटाके वळले. कारखान्याचा माल स्वस्त पडू लागला व गावोगावचे आतषबाज मागे पडले. कायदा आता कारागिराच्या ओसरीवरून दुकानदाराच्या फळीवर येऊन ठेपला.

स्वस्ताईबरोबर नवी रसायने आली. पोटॅशियम क्लोरेट व गंधक ह्यांचे मिश्रण थोड्या घर्षणानेही भडकते. ते खलात कुटणाऱ्या मजुराला दुसरी संधी मिळत नाही. इंग्लंडने हे मिश्रण १८९४ मध्येच बंद केले होते. भारतात त्यावर सरसकट बंदीची अधिसूचना निघाली ती २७ जानेवारी १९९२ रोजी. ह्या दोन तारखांमध्ये अठ्ठ्याण्णव वर्षांचे अंतर आहे. जे ज्ञान सरकारच्या दप्तरी पूर्वीच येऊ शकत होते, ते मजुराच्या संरक्षणास येण्यास एक शतक लागावे, ही ह्या इतिहासातील सर्वांत खेदाची बाब होय. १९७८ च्या दुरुस्तीने अठरा वर्षांखालील व्यक्तीने स्फोटके तयार करणे, बाळगणे वा विकणे ह्यास मनाई केली, तिचे महत्त्व ह्याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

येथपर्यंत कायद्याने दोन भये पाहिली: आगीचे व बंडाचे. तिसरे भय आवाजाचे. पर्यावरण संरक्षण नियमांत ५ ऑक्टोबर १९९९ रोजी दुरुस्ती होऊन, उडविण्याच्या जागेपासून चार मीटरांवर १२५ डेसिबलपेक्षा अधिक आवाज करणारा फटाका तयार करणे, विकणे व वापरणे बंद झाले. माळेस तर अधिक कडक हिशेब आहे. माळेतील प्रत्येक फटाक्याची मर्यादा माळेच्या लांबीप्रमाणे खाली येते. दहांची माळ असल्यास पाच डेसिबलांनी व शंभरांची असल्यास दहांनी. डेसिबलच्या मापात दहाचा फरक म्हणजे आवाजाच्या शक्तीत दहापट फरक, हे लक्षात घेतले म्हणजे ही सूट-तूट किती मोठी आहे हे कळेल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शाळा व न्यायालये ह्यांच्याभोवती शंभर मीटरांचे शांतताक्षेत्र आखले.

ह्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी सविस्तर निर्णय दिला. ते प्रकरण उभे राहिले होते एका करुण घटनेवरून: दिल्लीत ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात अत्याचाराला बळी पडलेल्या एका मुलीचा आक्रोश कोणास ऐकू गेला नव्हता. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत आवाजाचे फटाके उडविण्यास न्यायालयाने संपूर्ण मनाई केली. आणि केवळ प्रकाश व रंग देणारी दारू आवाजाच्या दारूपासून निराळी काढण्यास सांगितले. हा भेद मार्मिक आहे. फुलबाजी, भुईचक्र, चंद्रज्योत ह्यांचा आनंद पाहणाऱ्यापुरता राहतो; सुतळी बॉम्बचा आवाज न मागणाऱ्याच्याही घरात शिरतो. ज्या घरात तान्हे मूल किंवा हृदयविकाराचा रोगी असेल, त्या घराला दार लावून घेण्याचा उपाय नाही.

चौथे भय धुराचे. २०१५ मध्ये दिल्लीतील तीन तान्ह्या बालकांच्या नावे त्यांच्या पालकांनी अर्ज केला, तो ‘अर्जुन गोपाल विरुद्ध भारत सरकार’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. २३ ऑक्टोबर २०१८ रोजीच्या निकालात न्यायालयाने सरसकट बंदी नाकारली, पण माळांना मनाई केली, बेरियमच्या क्षारांना मनाई केली, दूरसंदेशयंत्रणेवरून होणारी विक्री थांबविली आणि दिवाळीस रात्री आठ ते दहा हे दोनच तास मोकळे ठेवले. बेरियम म्हणजे ज्याच्या योगाने ज्योत हिरवी दिसते ते द्रव्य. धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा पुढे आला असता, ते स्वातंत्र्य घटनेनेच सार्वजनिक आरोग्याच्या अधीन ठेवले आहे, हा विचार प्रभावी ठरला; आणि शिवकाशीच्या मजुरांच्या पोटाचा प्रश्नही विचारात घेतला गेला. ७ नोव्हेंबर २०२३ रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की, हे निर्बंध दिल्लीपुरते नसून सर्व राज्यांना बंधनकारक आहेत. म्हणजे ते हिंगोलीलाही आहेत. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत काही दिवस व काही तास ‘हरित’ फटाक्यांस परवानगी मिळाली. हे हरित फटाके तयार करण्याचे श्रेय नागपूरच्या ‘नीरी’ ह्या राष्ट्रीय संस्थेकडे जाते; त्यांच्यामुळे सूक्ष्म धूलिकण निदान तीस टक्क्यांनी घटतात, असा संस्थेचा दावा आहे. धूर घटतो, नाहीसा होत नाही, हे मात्र विसरता कामा नये.

असे हे कायद्याचे भरभक्कम भांडार. आता जिल्ह्याच्या ठिकाणी त्याचा अंमल कसा होतो तो प्रश्न उरतो, आणि खरी कसोटी येथेच आहे. २००८ च्या नियमांप्रमाणे दिवाळीपुरत्या दुकानांचा परवाना जिल्हा प्रशासन देते. दुकान न पेटणाऱ्या साहित्याचे असावे. दोन दुकानांत निदान तीन मीटर अंतर असावे. दुकाने समोरासमोर तोंड करून नसावीत. आत तेलाचा दिवा वा उघडी ज्योत नसावी. पन्नास मीटरांच्या आत कोणी दारू उडवू नये. आणि एका समूहात पन्नासापेक्षा अधिक दुकाने नसावीत. हे नियम किचकट वाटतात, पण त्यांतील प्रत्येक आकड्यामागे कोठली तरी आग आहे.

२९ ऑक्टोबर २०१६ रोजी मराठवाड्याने ह्याचा प्रत्यय घेतला. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जिल्हा परिषदेच्या मैदानावरील फटाका बाजाराला ऐन दिवाळीत आग लागली व शंभराहून अधिक दुकाने आणि शेजारची वाहने जळून गेली. लोक पळू शकले म्हणून मोठी प्राणहानी टळली. त्याच वर्षी एप्रिलच्या १० तारखेस केरळातील पुट्टिंगल देवळाच्या उत्सवात शोभेची दारू भडकून शंभरावर माणसे दगावली होती. तेथे तर अधिकाऱ्यांनी परवानगी नाकारलेली होती. म्हणजे नियम नव्हता म्हणून अनर्थ झाला, असे ह्या घटनेबाबत म्हणता येत नाही.

हिंगोलीसारख्या जिल्ह्याची स्थिती आणखी नाजूक आहे. दिवाळीच्या वेळी सोयाबीनची मळणी चाललेली असते, खळ्यावर भुसाचे ढीग असतात, वेचलेला कापूस घराघरात रचलेला असतो. आणि बाण कोठे पडावा हे कोणाच्याही हाती नसते. शिवाय रानडुकरे पिटाळण्यासाठी फटाके वर्षभर लागतात, त्यामुळे विक्री दिवाळीपुरतीच राहते असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आदेशभंगाची जबाबदारी ठाण्याच्या अधिकाऱ्यावर व्यक्तिशः टाकली. पण एका ठाण्याच्या हद्दीत डझनावारी खेडी असता, प्रत्येक गल्लीत आठाच्या पूर्वी व दहाच्या नंतर कोण काय उडवितो हे त्याने कसे पाहावे? चार मीटरांवर आवाज मोजण्याचे यंत्र घेऊन शिपाई किती अंगणांत उभा राहणार? टिळकांच्या अग्रलेखातील आक्षेप निराळ्या अर्थाने येथे पुन्हा उभा राहतो: जी वस्तू घराघरात आहे, तिचे नियमन केवळ परवान्याने होत नाही.

तथापि त्यावरून कायदा निरुपयोगी ठरत नाही. १९०८ चा कायदा राज्यकर्त्यांच्या संरक्षणासाठी होता. म्हणून त्याचे पालन करणे हा लोकांना स्वतःचा धर्म वाटला नाही. आजचे नियम मजुराच्या हातांसाठी, बालकाच्या डोळ्यांसाठी व वृद्धाच्या झोपेसाठी आहेत. ह्या दोहोंतील फरक नागरिकाने ओळखला तर शिपायाची गरजच कमी होईल. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने शाळाशाळांतून चालविलेल्या फटाकेमुक्त दिवाळीच्या मोहिमेत मुलांनी आपण होऊन संकल्प केले, ते कोणत्याही कलमाच्या धाकाने नव्हे. न्यायालयाने सुचविलेला दुसरा मार्गही विचारार्ह आहे: गल्लोगल्ली दारू न उडविता एका नेमलेल्या मोकळ्या जागी, नेमलेल्या वेळी, जाणत्या माणसांच्या हातून सर्वांनी मिळून दारूकाम पाहावे. ही कल्पना महाराष्ट्रास परकी नाही. पर्वतीच्या पायथ्याची लंका अशीच एका ठिकाणी उभारलेली होती. तिचा आनंद सर्व शहराने घेतला आणि दारू प्रत्येकाच्या खिशात नव्हती. ज्या गावाने गेल्या दीड शतकापासून एकाच मैदानावर रावणदहनाची रीत राखली, त्या गावास दिवाळीचे दारूकाम एके ठिकाणी आणणे अशक्य नसावे.